4 इंच लिफ्टने थार बायपासवर जास्त स्थिर चालते? नाही हो

आपल्या इंदूरच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की थारला 4 इंच लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारं किट लावा, जमिनीपासूनचा क्लिअरन्सही वाढतो आणि डांबरी रस्त्यावर गाडी जास्त स्थिर राहते. उलटं आहे हो! गाडी उचलली की वजनही वर जातं आणि वळणावर ती जास्त झुकते. आणि क्लिअरन्स म्हणाल तर मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल आहे, त्याच्या मधला डिफरेन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा लिफ्टने सूतभरही वर येत नाही, तो येतो मोठ्या टायरने, विश्वास नसेल तर खाली वाकून बघा. पुढे चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यावरचा रबरी बूट लवकर फाटतो, मग रिमच्या आतून काळं ग्रीस उडालेलं दिसतं. माझ्या भाच्याने नुसते स्पेसर (उंची वाढवायला स्प्रिंगला लावायचे तुकडे) टाकले, अलाइनमेंट केलीच नाही, टायर एका बाजूने खाल्ले गेले ना! शिवाय हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. आणि मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, हे मेसेजवाले सांगत नाहीत. रोज राजवाडा ते विजयनगरच करायचं असेल तर मूळ उंचीच ठेवा, फार तर शॉक ॲब्झॉर्बर चांगले टाका.