गच्चीवर न चढता दर सांगणारा ठेकेदार

घराची दुरुस्ती काढली की आपण नागपूरकर ठेकेदाराला पहिला प्रश्न दराचा विचारतो. नुसत्या मजुरीचे किती, मटेरियलसह किती, चौरस फुटाला किती, हे आकडे दोघातिघांकडून घेतले जातात आणि सर्वांत कमी सांगणाऱ्याच्या हाती घर सोपवले जाते. माझे ठाम मत आहे की दर हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. बिघाड कशामुळे झाला, हे त्या माणसाने आपणहून शोधले की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. कारण ज्याला कारण सापडलेले नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी तो कशाचा दर आहे, हे त्यालाही सांगता येत नाही.

आमच्या वरच्या खोलीच्या छताला ओल आली तेव्हा एका ठेकेदाराने अंगणात उभे राहूनच संपूर्ण गच्चीचा जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पक्का थर, फोडून नवे वॉटरप्रूफिंग करण्याचा आकडा सांगितला. दुसरे गृहस्थ वयस्क होते, मिस्त्रीकामातून वर आलेले. ते आधी खालच्या खोलीत गेले, ओलीचा डाग भिंतीपासून किती अंतरावर सुरू होतो ते त्यांनी हाताने मोजले आणि मग गच्चीवर चढले. हातोडीच्या दांड्याने त्यांनी कोबा ठिकठिकाणी ठोकून पाहिला, कारण खालून सुटलेला भाग पोकळ वाजतो. मग बादलीभर पाणी मधोमध ओतून ते ढाळाने पाइपाच्या तोंडाकडे जाते का, हे पाहत ते बराच वेळ उभे राहिले. शेवटी कठड्याच्या बुडाशी बसून त्यांनी तिथल्या गोलाईतली भेग नखाने उकरली आणि म्हणाले, "काकाजी, कोबा फोडायचं काम नाही. पाणी इथून मुरते." त्यांनी सांगितलेले काम पहिल्यापेक्षा कितीतरी लहान होते. कोणते काम करण्याची गरज नाही, हे जो सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला मला तेवढे कारण पुरेसे वाटते.

आपल्या शहरात कारण शोधण्याला अधिकच महत्त्व आहे. नागपूरच्या बऱ्याच भागांत पायाखाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे कंपाउंडच्या भिंतीला आणि जोत्याला दरवर्षी त्याच जागी भेगा पडतात. अशी भेग पुट्टी भरून रंगवून देणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि ते एका ऋतूपुरतेच टिकते. भेग कोणत्या महिन्यात रुंदावते, जवळून सांडपाण्याची वाहिनी जाते का, हे प्रश्न विचारणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नये.

उन्हाचेही तसेच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की ताज्या प्लास्टरमधले पाणी सिमेंटला घट्ट होण्याआधीच उडून जाते आणि पृष्ठभागावर बारीक तडे पडतात. म्हणून प्लास्टरची तराई, म्हणजे पाणी मारून ते ओले ठेवणे, किमान सात दिवस झालीच पाहिजे, आणि कोबा किंवा काँक्रीट असेल तर हल्लीच्या पीपीसी, म्हणजे राखमिश्रित, सिमेंटला किमान दहा आणि शक्यतो चौदा दिवस द्यावेत. तराई कोण करणार, हे काम ठरवतानाच विचारावे. "तुम्हीच पाणी मारत जा" असे उत्तर मिळाले तरी हरकत नाही, परंतु ते आधी मिळाले पाहिजे. सिमेंटच्या पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने पोते आल्यास ते उतरवून घेऊ नये.

ठेकेदाराने पूर्वी केलेली कामे बघायला आपण जातो, पण तो बहुधा नुकतेच संपवलेले, रंगाचा वास येणारे घर दाखवतो. त्याऐवजी दोन पावसाळे झालेले काम दाखवायला सांगावे आणि त्या घरच्यांना ठेकेदाराच्या माघारी एवढेच विचारावे की नंतर तक्रार केल्यावर तो आला का.

लेखी करारासंबंधी आपल्याकडे अकारण संकोच आहे. कामाचे वर्णन, सिमेंट आणि रसायनाची कंपनी, मोजणीची पद्धत, मुदत आणि हप्ते हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. "दहा वर्षांची गॅरंटी" तोंडी असेल तर ती धरूच नये, आणि लेखी असेल तर ती मालाची आहे की कामाची, हे नीट वाचावे. रेरा या गृहप्रकल्पांविषयीच्या कायद्यातली पाच वर्षांची दोषदायित्वाची, म्हणजे बांधकामातले दोष दुरुस्त करून देण्याची, तरतूद नवीन प्रकल्पाच्या विकासकाला लागू होते. घरदुरुस्तीच्या ठेकेदाराला नाही. त्याच्याविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. परंतु तिथेही सही केलेला कागद आणि बँकेतून दिलेल्या पैशांची नोंदच उपयोगी पडते.

पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि गच्चीचे काम असेल तर लहानसा शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे. मात्र ठरलेला हप्ता ठरलेल्या दिवशीच द्यावा, ही बाब मला तितकीच महत्त्वाची वाटते. ठिय्यावरून, म्हणजे मजूर सकाळी काम मिळण्यासाठी जमतात त्या नाक्यावरून, आणलेल्या मजुरांची दिवसाची मजुरी ठेकेदाराला त्याच संध्याकाळी चुकवावी लागते. शिवाय पावसाळा लागला की भंडारा-गोंदियाकडचे मजूर धानाच्या रोवणीसाठी गावी निघतात. त्या वेळी ज्या घरचे पैसे अडलेले असतात, त्या घरचे काम सर्वांत आधी थांबते. दर पाडून घेणे आणि वर पैसेही रखडवणे, असे दोन्ही करणाऱ्या घरमालकाकडे चांगला मिस्त्री दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.