‘त्रास झाला की मूल सांगेलच’ हा भरवसा चुकीचा आहे

मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक संदेश बराच फिरतो आहे. दम्याच्या मुलाला श्वास कमी पडू लागला की ते आपणहून सांगते, छातीतून शिट्टी ऐकू येत नसेल तर काळजी नको आणि मूल बरे दिसत असताना रोजच्या पंपाची (इनहेलरची) गरज नाही, असे त्यात म्हटले आहे.

यातली पहिली चूक सर्वांत धोक्याची आहे. पीक फ्लो मीटरमध्ये, म्हणजे जोरात फुंकलेली हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणाऱ्या छोट्या उपकरणात, फुंकण्याआधी मुलाला आकड्याचा अंदाज करायला लावून तो प्रत्यक्ष आकड्याशी ताडून पाहण्याची पद्धत संशोधक बरीच वर्षे वापरत आले आहेत, आणि तीत कितीतरी मुलांचे अंदाज चुकतात; काहींना नसलेला त्रास जाणवतो, तर काहींच्या श्वासनलिका चांगल्याच आकसलेल्या असूनही ती ‘मी ठीक आहे’ म्हणतात. मोठ्यांचीही गत फार वेगळी नाही. १९७६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सुमारे १५ टक्के रुग्णांना श्वासनलिका तीव्र आकसल्याचेही जाणवले नव्हते.

आकुंचन हळूहळू वाढत गेले की शरीर त्याला सरावते, हे त्याचे एक कारण. पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन बुरशी धरते, रात्री खोलीत मच्छर अगरबत्ती जळते, आणि इमारतीच्या आवारात क्रिकेट खेळणारा मुलगा धावा काढायचे सोडून आपणहून अंपायर होतो. तो कसलीच तक्रार करत नाही आणि घरच्यांना वाटते, पोरगा शांत झाला. रात्रीचा खोकला आणि जिना चढताना मध्येच थांबणे यांकडे म्हणूनच तक्रारीइतकेच लक्ष द्यायला हवे.

शिट्टीचा मुद्दा तर उलटाच आहे. तो आवाज हवा वाहत असते म्हणून येतो. झटका फार तीव्र झाला की हवाच इतकी कमी जाते की छाती शांत होते. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, मुलाला एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर शिट्टीची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेला आराम देणारा पंप देत, तातडीने रुग्णालय गाठावे.

रोजचा पंप श्वासनलिकेची सूज आटोक्यात ठेवण्यासाठी असतो. मूल बरे दिसते ते अनेकदा त्याच्यामुळेच, म्हणून तो डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

मीटरलाही मर्यादा आहेत. साधारण पाच-सहा वर्षांखालील मुलांना नीट फुंकता येत नाही. तिथे पालकांची नजरच कामी येते. मोठ्या मुलाने उभे राहून तीनदा फुंकावे आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवावा. तो मुलाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेला तर डॉक्टरांनी आखून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध द्यावे आणि ५० टक्क्यांखाली गेला तर मूल काहीही म्हणो, ती तातडीची वेळ समजावी. आकडा चांगला असूनही मूल घाबरून धाप लागल्याचे सांगत असेल तर त्याला खोटे ठरवू नये. ते दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घालावे.