डावा गुडघा

चालायला जायचं नसलं की मी डाव्या गुडघ्याला हात लावतो. बोलावं लागत नाही. या एका हालचालीवर मी डोंबिवलीत हास्यक्लब, सोसायटीची सहल आणि मेहुण्याची माथेरानची टूम, सगळं टाळलेलं आहे. माझीही बाजू ऐका. सकाळची लोकल पकडायला एकतीस वर्षं मी रेल्वेचा पूल ज्या वेगानं चढलो-उतरलो, त्यात माणसाच्या जन्माचा चालण्याचा कोटा संपतो. माझा बसण्याचा कोटा तेवढा शिल्लक आहे.

सिडनीला मुलाकडे आलो. पहिल्याच रविवारी फिरायला जायचा विषय निघाला आणि हात सवयीनं गुडघ्याकडे गेला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, काळजीच नको. नॉर्थ हेडला जाऊ, समुद्रात घुसलेलं टोक आहे. चढ नाही, पायऱ्या नाहीत. व्हीलचेअरसुद्धा जाते."

ज्या वाटेवर व्हीलचेअर जाते, तिथं 'मला झेपणार नाही' असं कुठल्या तोंडानं म्हणणार? तरी झुंज दिली. दम लागतो म्हटलं, तर वाटेत बाकडी आहेत. बाथरूमचं काय? तेही आहे. ऊन? जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा. शेवटी कळलं की या देशात पायवाटांना १ ते ५ अशा इयत्ता असतात. पाचवीची वाट मुरलेल्या भटक्यांची, पहिलीची कुणाचीही. "आणि आजची?" मी विचारलं. "बालवाडी," चिरंजीव म्हणाले. माझी एकेक सबब हेरून कुणीतरी तिच्यावर काँक्रीट ओतून ठेवलं होतं.

हिचे दोन्ही गुडघे गेल्या वर्षी बदलले. ती नवे बूट घालून दारात तयार. माझे गुडघे मूळ कंपनीचे, त्यांची घरात कुणाला किंमत नाही. निदान दुखण्याला शोभा यावी म्हणून मी काठीऐवजी लांब दांड्याची छत्री घेतली.

सर्क्युलर की नावाच्या धक्क्यावरून मॅनलीपर्यंत फेरीबोटीनं अर्धा तास लागतो. सहलीतला हा भाग मला फार आवडला, कारण बसायचं होतं. मग बस, आणि मग ते रान.

'रान' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं साग, ऐन, पळस येतात. इथं कमरेएवढी, खरखरीत, वाऱ्यानं एका बाजूला कललेली झुडपं होती, कोकणात समुद्राकडच्या सड्यावर असतात तशी. मधून सपाट वाट आणि पलीकडं सरळ तुटलेला कडा. काही ठिकाणी जाळीची पायवाट जमिनीपासून उचलून घेतलेली, म्हणजे खाली पाणी, उजेड पोचावा आणि मुळं तुडवली जाऊ नयेत. कल्पना उत्तम. फक्त दर तिसऱ्या पावलाला माझ्या छत्रीचं टोक जाळीत अडकायचं. चाकांचा विचार केला होता, बाबागाडीचा केला होता, छत्रीवर भार देऊन लंगडणाऱ्या माणसाचा केला नव्हता. शेवटी छत्री काखेत मारून दोन्ही पायांवर नीट चालावं लागलं. ही मागं वळून बघत होती. काही बोलली नाही.

दोनशे पावलांत मंडळी पुढं गेली आणि मला धाप लागली. बाकडं होतं. पण बाकड्यावर टेकलेला म्हातारा हा दमलेला म्हातारा असतो. तेवढ्यात मला माहितीची पाटी दिसली. पाटीपुढं थबकलेला म्हातारा जिज्ञासू ठरतो. तिथून पुढं मी एकही पाटी सोडली नाही. जेवढी धाप, तेवढा अभ्यास.

पहिल्या पाटीशी कळलं की या झुडपांना ईस्टर्न सबर्ब्स बँक्सिया स्क्रब म्हणतात. वाऱ्यानं आणून टाकलेल्या जुन्या, निकस वाळूवर हे रान वाढतं. एकेकाळी ते इथपासून बॉटनी बेपर्यंत पसरलं होतं, आता तीन टक्केही उरलेलं नाही. बाकीच्या वाळूवर घरं झाली. मग हाच तुकडा कसा वाचला? आपल्याकडं देवराई देवाच्या धाकानं टिकते. इथं धाक होता साथीचा आणि तोफांचा. या टोकावर १९८४ पर्यंत क्वारंटाइन स्टेशन होतं; देवी नाहीतर प्लेगचा संशय असलेल्या जहाजांवरची माणसं इथं उतरवून ठेवत. शेजारी लष्कराचा तोफखाना. देवीचे रोगी एका बाजूला, तोफा दुसऱ्या बाजूला, अशा ठिकाणी फ्लॅट कोण घेणार? (डोंबिवलीत घेतले असते. स्टेशन किती लांब, एवढंच विचारलं असतं.)

दुसऱ्या पाटीवर बँक्सिया. जोसेफ बँक्स नावाचे वनस्पतीपंडित १७७० साली कॅप्टन कुकबरोबर आले होते, त्यांच्यावरून हे नाव. झाडाला लाकडी बोंडं, बोंडांवर घट्ट मिटलेले ओठ. बऱ्याच जातींत आगीची धग लागल्यावरच ते उघडतात आणि बी बाहेर पडतं. आमचे हेडक्लार्क असेच होते, ऑडिट आल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. २०२० च्या ऑक्टोबरात ठरवून लावलेली आग वाऱ्यानं हाताबाहेर गेली आणि इथलं बरंच रान जळलं. त्यानंतर उगवलेली झाडं आता माझ्याकडं तुच्छतेनं बघण्याइतकी उंच झाली आहेत.

याच पाटीशी वॉकर घेतलेल्या एक आजी मला ओलांडून गेल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. "लव्हली डे," म्हणाल्या. मी मान डोलावली. बोलण्याइतका श्वास नव्हता.

तिसरी पाटी बँडिकूटची. लांब नाकाचा, सशापेक्षा लहान प्राणी; रात्री नाक खुपसून जमिनीत निमुळते खड्डे करतो. पोटाला कांगारूसारखी पिशवी, पण तिचं तोंड मागच्या बाजूला, म्हणजे उकरताना पिल्लांवर माती उडत नाही. गंमत नावाची आहे. मूळ शब्द तेलुगू, पंदिकोक्कु, म्हणजे डुक्करउंदीर. साहेबानं तो आपल्याकडं घुशीसाठी उचलला आणि नंतर या बिचाऱ्याला चिकटवला. डोंबिवलीत घूस दिसली की पिंजरा शोधतात. इथं तिच्या या मानलेल्या भावासाठी गाड्या हळू चालवा म्हणतात, आणि कुत्र्यांना आत मज्जाव.

त्या आजी पुन्हा ओलांडून गेल्या. त्यांची दुसरी फेरी होती. या खेपेला त्या "लव्हली डे" म्हणाल्या नाहीत, "यू ओके?" म्हणाल्या.

कड्यावरच्या सज्जाशी पोचलो तेव्हा मंडळी तिथून कंटाळून निघत होती. अर्धा तास देवमाशांची वाट बघितली म्हणे. हिवाळ्यात हंपबॅक ऊबदार पाण्यात वीण घालायला उत्तरेकडे जातात, ते इथून दिसतात. "काही नाही हो," सूनबाई म्हणाली, "तुम्ही सावकाश या." नात, मुलगा, ही, सगळी बाथरूमकडे गेली. मी कठड्याला टेकलो. पाटी नव्हती, त्यामुळं नाइलाजानं समुद्राकडं बघत होतो.

आणि पाणी फाटून ते धूड वर आलं. अगदी वर. पांढरं पोट, लांबच लांब पर, आणि मग अंगावर इमारत कोसळावी तसं पाण्यात आडवं. आवाज थोडा उशिरा आला. मी छत्री उगारून ओरडलो. कुणाला, ते माहीत नाही.

"मी देवमासा बघितला," मी गाठून सांगितलं.

"हो?" चिरंजीव म्हणाले. "कुठल्या पाटीवर?"

नात तर म्हणाली, "आजोबा, फोटो?" छत्री उगारलेल्या माणसाकडं फोटो कुठून असणार. साक्षीदार एकट्या त्या आजी, आणि त्या तिसऱ्या फेरीला लागल्या होत्या.

परतीच्या बोटीत मी खिडकीशी बसलो. सूनबाई मुलाला सांगत होती, "बाबांना किती आवड आहे बघितलंस? एक पाटी सोडली नाही. पुढच्या रविवारी स्पिट ब्रिज ते मॅनली करू या. दहा किलोमीटर आहे. वाटेत कातळावर आदिवासींनी कोरलेली जुनी चित्रं आहेत, बाबा रमतील."

"पायऱ्या आहेत का गं?" मी आशेनं विचारलं.

"आहेत की. खूप."

देव पावला. मी एक उसासा टाकला आणि गुडघ्याला हात लावला.

"अहो," ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमचा डावा दुखतो."