आमचं उदाहरण देऊ नका

"अमेरिकेत गेलात की मुकाट्यानं इंग्रजी शिकता ना? मग मुंबईत येणाऱ्याला मराठी शिकायला काय होतं?" २०२५च्या पावसाळ्यात पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय मागे घेतले गेले, मीरा रोडला मराठी बोलण्यावरून दुकानदाराला मारहाण झाली, आणि तेव्हापासून हा सवाल प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मुंबईत राहणाऱ्यानं मराठी शिकावी याबद्दल दुमत नाही. पण साक्षीला आम्हा अमेरिकेतल्या मराठी माणसांना उभं करू नका. आम्ही इंग्रजी इथं येऊन शिकलेलो नाही. ती तिकडूनच घोकून, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा देऊन, बॅगेत भरून आणलेली. परक्या मुलखात भाषा शिकणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात राहणाऱ्या, मूळ लाओसच्या डोंगरांतल्या ह्मोंग जमातीच्या बायकांची भरतकामं बघा.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात सीआयएनं लाओसच्या डोंगरांत छुपी लढाई लढवली, ती ह्मोंग माणसांच्या जिवावर. १९७५मध्ये अमेरिकेनं हात झटकले आणि हे लोक मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोचले. तिथून बरेच जण मिनेसोटाला आले. त्यांच्या भाषेला रोमन लिपी मिळाली तीच १९५०च्या दशकात, मिशनऱ्यांकडून. त्या लिपीत शब्दाच्या शेवटचं व्यंजन उच्चारायचं नसतं, ते फक्त शब्द चढ्या की उतरत्या सुरात म्हणायचा हे दाखवतं. म्हणजे ज्यांना ती लिपी येत होती त्यांनाही इंग्रजीत शेवटचं अक्षर तोंडानं म्हणायचं हे नव्यानं शिकणं आलं. बहुतेक बायकांना कुठलीच लिपी येत नव्हती. येत होतं ते पांदाऊ, म्हणजे त्यांचं फुलांचं कापड.

त्यातलं सगळ्यात अवघड काम कापून-दुमडून काढलेल्या नक्षीचं. वरच्या कापडाची चौपदरी किंवा आठपदरी घडी घालून बारीक कात्रीनं वळणं कापतात. घडी उघडली की चारही बाजूंना सारखी गोगलगाय दिसते. हे कापड दुसऱ्या रंगाच्या कापडावर पसरून दाट धावदोऱ्यानं कच्चं टाचायचं. टाचण विरळ राहिलं तर कापलेल्या पट्ट्या सरकतात आणि वळणं वेडीवाकडी होतात. मग सुईच्या टोकानं कड दीड-दोन मिलिमीटर आत लोटत जायचं आणि दिसणार नाही अशा टाक्यांनी ती बसवायची. खरी परीक्षा आतल्या कोपऱ्याला. तिथं दुमडायला कापडच उरत नाही. कात्री दोन धागे पुढं गेली की कोपरा उसवलाच, म्हणून तिथं दोन-तीन टाके एकाच जागी दाट घालतात. सैल विणीचं कापड घ्याल तर दुमडायच्या आतच सुतं सोडेल. पॉलिस्टरची भेसळ जास्त असेल तर कड नखानं दाबली तरी परत उभी राहते. पातळ आणि घट्ट विणीचं सुती सगळ्यात बरं.

हे सगळं हौसेपुरतं नव्हतं. मूल पाठीला बांधायच्या कापडावर सर्वांत दाट काम असतं, कारण लहान मुलाचा जीव घाबरून सहज भरकटतो अशी समजूत. बाळाच्या टोपीवर लोकरीचे गोंडे लावतात, ते वरून बघणाऱ्या दुष्ट शक्तीला मूल न दिसता फूल दिसावं म्हणून. कडेच्या त्रिकोणांच्या रांगेला कोणी डोंगर म्हणतं, कोणी कुंपण. आपल्याकडच्या कुंची आणि काजळाच्या तिटेला हे ओळखीचं वाटावं.

छावण्यांमध्ये, बान विनाईसारख्या ठिकाणी, याच हातांनी नवा प्रकार सुरू केला. चित्रं बहुधा पुरुष काढून देत आणि बायका ती भरत. विमानं, बंदुका, नदीत बांबूला धरून पोहणारी माणसं, पलीकडं थायलंडची छावणी. अंगं भरीव टाक्यानं, रेघा साखळी टाक्यानं. माल अमेरिकनांना विकायचा, म्हणून भडक गुलाबी-हिरवे मागं पडले आणि सोफ्याला शोभतील असे निळे, करडे, तपकिरी रंग आले. (गिऱ्हाइकाची आवड ओळखण्यात कुठलाच निर्वासित मागं राहत नाही.) मग चित्राखाली इंग्रजी ओळी आल्या.

त्या ओळी जवळून बघा. अक्षर न ओळखणारा हात ते नक्षी म्हणूनच भरतो. 'एस' उलटा पडला तरी त्याला तो उलटा वाटत नाही, कारण त्याच्या लेखी दोन्हीकडचं वळण सारखंच. दोन शब्दांमधली जागा गायब होते, कारण ओळ अखंड दिसली तर काम नीट वाटतं. छोट्या लिपीतल्या 'ई'चं पोट तीन मिलिमीटरपेक्षा लहान काढलं तर साखळी टाक्यात ते बुजून जातं. म्हणून सहापदरी दोऱ्यातला एकच पदर घ्यावा लागतो, नाहीतर सरळ मोठी लिपी वापरावी लागते. प्रत्येक चुकीला असं कारण आहे, आणि त्यातल्या एकाही कारणाचं नाव आळस नाही.

आता अमेरिकेच्या सक्तीबद्दल. नागरिकत्वाला इंग्रजीची परीक्षा आहे, खरं आहे. पण अमेरिकेच्या बाजूनं लढलेल्या ह्मोंग सैनिकांना आणि त्यांच्या पत्नींना ती अट २००० सालच्या कायद्यानं माफ झाली. मिनेसोटात गाडीच्या लायसनची लेखी परीक्षा ह्मोंगमध्ये देता येते. सेंट पॉलच्या सरकारी शाळांत ह्मोंगमधून शिकायची सोय आहे. १ मार्च २०२५ला इंग्रजी अधिकृत भाषा ठरवणारा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, हे फॉरवर्डवाल्यांच्या बाजूचं, तेवढं नाइलाजानं मान्य. त्याआधीची जवळपास अडीचशे वर्षं असा आदेश नव्हता आणि देशाचं काही अडलं नाही.

"तिकडं बसून बोलायला काय जातं" हे उत्तर येणार, ठाऊक आहे. जात काहीच नाही, अडचण नेमकी तीच आहे. ईडन प्रेरी या मिनियापोलिसच्या उपनगरात टाउनहोममध्ये राहणाऱ्या आम्हाला उच्चारावरून कोणी अडवत नाही, कारण आमच्या आधी पगार बोलतो. मुंबईतही तसंच. पवईच्या टॉवरमधल्या साहेबानं वीस वर्षांत मराठीचा एक शब्द उच्चारला नाही तरी त्याच्या कानाखाली कोणी काढत नाही. तो मान रिक्षावाल्याचा आणि दुकानदाराचा. ह्मोंग बायकांशी आमचं नातं जोडणं म्हणूनच खोटं आहे. त्या रिक्षावाल्याच्या रांगेतल्या, आम्ही साहेबाच्या.

त्यांच्याकडंही सगळं सुरळीत नाही. नववर्षाच्या कपड्यांवर आता छापील पांदाऊ दिसतं आणि नातवंडं आजीला इंग्रजीत उत्तरं देतात. पण सेंट पॉलमधल्या कोमो अॅव्हेन्यूच्या ह्मोंगटाउन बाजारात निदान मिरच्यांचा भाव ह्मोंगमध्ये होतो. आमच्या मंडळाचं ढोलपथक जोरात आहे आणि रविवारची मराठी शाळाही भरते. मधल्या सुट्टीत मुलं इंग्रजी बोलतात आणि त्यांना न्यायला आलेले आईबापही. वर्षातून एकदा मुंबईला उतरल्यावर टॅक्सीवाल्याशी पहिलं वाक्य हिंदीत टाकणारेही आम्हीच, तो साताऱ्याचा असला तरी.