स्लॅबला समुद्राचं पाणी? मुळीच नको

पेडण्यात मामांच्या घराचा स्लॅब पुढच्या आठवड्यात घालायचा आहे. काल त्यांनी व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज पाठवून विचारलं, "टँकरचे पैसे वाचतील काय रे?" मेसेज म्हणतो, रोमन लोकांनी काँक्रीट समुद्राच्या पाण्यात कालवलं आणि ते दोन हजार वर्षं टिकलं, तेव्हा आपणही बिनधास्त खारं पाणी वापरावं. वर मिठाने वाळवी लागत नाही आणि सळईवरचा गंज पकड देतो म्हणे. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांना असलं काही पाठवताना जरा तरी विचार करा!

रोमनांची बंदरं टिकली, खरं आहे. ज्वालामुखीची राख आणि चुना यांच्यात समुद्राचं पाणी मुरून नवी खनिजं तयार होत गेली, असं मेरी जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं. पण त्या काँक्रीटमध्ये सळई नव्हती. आपला स्लॅब सळईच्या जोरावर उभा असतो. सिमेंटमुळे सळईवर पातळ संरक्षक थर धरतो आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नेमका तोच फोडतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. ती नसते, म्हणून तो काँक्रीटला आतून रेटतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण नाही. किनाऱ्यालगतच्या जुन्या बाल्कनीखाली उभं राहून वर बघा. तपकिरी डाग, सळईच्या रेषेतच गेलेली भेग, ठोकलं की पोकळ आवाज.

भारतीय मानक आयएस ४५६ उघडा. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालतं. समुद्रात ते १९,००० च्या आसपास असतं. समुद्राचं पाणी कालवायलाही नको आणि क्युरिंगलाही, म्हणजे घातलेल्या काँक्रीटवर मारायलाही नको, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नाइलाजच झाला तर फक्त बिनसळईच्या कामाला. गोव्यात मांडवी नदीवरचा पहिला पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, तो आतल्या ताणलेल्या तारा गंजल्यामुळे. बांधून वीस वर्षंही झाली नव्हती.

खाऱ्या पाण्याने काँक्रीट सुरुवातीला लवकर कडक होतं, एवढं मान्य. लवकर कडक झालं म्हणजे पक्कं झालं असं वाटतं, गवंडी फसतो तो तिथेच.

वाळवी काँक्रीट खात नाही. ती भेगांतून लाकडापर्यंत पोचते, आणि भेगा तर या पाण्यानेच पडणार.

सळईवरचा हलका, घट्ट बसलेला गंज चालतो. सुटणारे पापुद्रे मात्र तारेच्या ब्रशने काढावेच लागतात. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणार असाल तर क्लोराइड आधी तपासून घ्या, किनाऱ्याजवळ तेही खारं निघतं. पोझोलाना (राखेसारखी पूड मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारा, तेही गोडंच.