गोळी देण्याआधीचं एक मिनिट

परवा सकाळी आठच्या औषधांना एका आजोबांच्या छातीवर स्टेथो ठेवून मी ठोके मोजत होते. त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. म्हणाला, "सिस्टर, गोळीच तर द्यायची आहे, नाश्ता गार होतोय." मी हातानेच थांबा म्हटलं. मध्ये बोललं की मोजणी चुकते. मिनिटभरात ठोके भरले 52. डिगॉक्सिनची, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी, गोळी ट्रेमध्येच ठेवली आणि डॉक्टरांना फोन केला. रिपोर्ट उघडून पाहिला तर पोटॅशियम 3.1, म्हणजे कमी. आदल्या दोन दिवसांत लॅसिक्सची, म्हणजे लघवी वाढवणारी, इंजेक्शनं झाली होती. सर म्हणाले, "आज देऊ नका, इसीजी काढा."

मुलाचा मला राग आला नाही. त्याला कोणी सांगितलेलंच नाही की हृदयाच्या वॉर्डात गोळी हातावर ठेवण्याआधी जे होतं तेही उपचारातच येतं. पण आपल्याच क्षेत्रात हे मिनिट फुकटचं समजलं जातं, त्याचा मात्र राग येतो.

डिगॉक्सिन डिजिटॅलिस या झाडापासून आलं. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने 1785 मध्ये त्याच्या पानांबद्दल सविस्तर लिहिलं, आणि जास्त झालं तर उलट्या होतात, सगळं पिवळं-हिरवं दिसतं, हेही तेव्हाच नोंदवलं. उपयोगाचा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं. म्हाताऱ्या माणसाची किडनी हे औषध हळू बाहेर टाकते. म्हणूनच आपल्याकडे कित्येक केस पेपरवर "आठवड्यात पाच दिवस" अशी ऑर्डर दिसते.

विद्यार्थिनींना विचारलं, तर "साठच्या खाली असेल तर देऊ नये" हे धडाधड म्हणून दाखवतात. मग मनगट धरतात, पंधरा सेकंद मोजतात आणि चारने गुणतात. पण ज्यांना डिगॉक्सिन चालू असतं त्यांतल्या अनेकांचे ठोके मुळातच अनियमित असतात. हृदयाचा प्रत्येक ठोका मनगटापर्यंत पोचत नाही, म्हणून छातीवर ऐकायचं, आणि पूर्ण मिनिट. हे "का" आम्ही शिकवतच नाही. लघवीच्या इंजेक्शनबरोबर पोटॅशियम निघून जातं, आणि पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिन त्याच मात्रेत जास्त चढतं. ही साखळी एकदा समजली की मुलगी न सांगता रिपोर्ट बघायला जाते. रामिप्रिल (रक्तदाबाची गोळी) आणि स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम राखून ठेवणारी लघवीची गोळी) एकत्र चालू असेल तर पोटॅशियम उलट वाढू शकतं, हेही तिला आपोआप सुचतं. पाठांतराने हे होत नाही. वीस वर्षांत मी एकदाही होताना पाहिलेलं नाही.

पोटॅशियमचं निघालंच आहे म्हणून सांगते. पोटॅशियम क्लोराइडचा 10 मिलीचा अँप्युल, त्यात 20 मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं माप). तो सरळ शिरेत गेला तर हृदय थांबतं. सलाइनमध्ये मिसळून, सावकाशच द्यायचा असतो. आणि दिसायला तो डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखाच! रात्री तीन वाजता, दोन स्टाफवर तीस पेशंट असताना, हे दोन्ही एकाच ट्रॉलीत ठेवणं मला चुकीचं वाटतं आणि मी ते प्रत्येक मीटिंगमध्ये बोलते. वेगळं कपाट, कुलूप, भरताना दोघींनी वाचायचं. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचंही तसंच. 5 मिलीच्या एका व्हायलमध्ये 5000 युनिट, दुसऱ्या तेवढ्याच व्हायलमध्ये 25000. डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती, ऑर्डर लिहिताना "युनिट" हा शब्द पूर्ण लिहा. घाईत काढलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतं ते. एक ताई, वय तिशीच्या आत, लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने खराब झालेला मायट्रल व्हॉल्व्ह बदललेला, आत धातूचा. घरी जाऊन चार महिन्यांनी धाप लागून परत आल्या, व्हॉल्व्ह जाम. पाळीत रक्तस्राव जास्त होतो म्हणून त्यांनी ॲसिट्रोम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच बंद केली होती. ही गोळी आयुष्यभर चालते, बंद केली तर व्हॉल्व्हवर गुठळी धरते, हे त्यांना समजेल असं कोणी सांगितलंच नव्हतं. डिस्चार्ज कार्ड सगळं इंग्रजीत. शेजारणीने मेथी-पालक बंद करायला सांगितलं ते मात्र त्यांनी पाळलं. पालेभाजीचा या गोळीवर परिणाम होतो, पण खरं तर ती बंद करायची नसते, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. आणि मेडिकलमधून परस्पर दुखण्याची गोळी घ्यायची नसते, रक्तस्रावाचा धोका त्याने वाढतो.

ताई वाचल्या. आता त्यांच्याकडे एक वही आहे, तारीख आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) स्वतः लिहितात. 2.5 ते 3.5 च्या बाहेर आकडा गेला की फोन करतात.

ही वही बनवून द्यायला, आणि "आता तुम्ही मला सांगा, गोळी कधी घ्यायची" असं उलट विचारून घ्यायला, मला पंचवीस मिनिटं लागली. त्या वेळात माझ्या बाकीच्या पेशंटची औषधं दुसऱ्या सिस्टरने दिली, तिच्या स्वतःच्या पेशंटना उशीर करून. हे उपकारावर चालू नये. डिस्चार्जच्या वेळी एक स्टाफ फक्त याच कामाला हवी, असं मी वरिष्ठांकडे लेखी दिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या महिन्याची ड्युटी लागण्याआधी पुन्हा देणार आहे.