कागद लपवून ठेवू नका

स्टीफन विल्टशायरची गोष्ट अधूनमधून फॉरवर्ड होत येते. १९७४ साली लंडनमध्ये जन्म, तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान, तोंडातून शब्द नाही. पण पेन्सिल हातात आली की इमारती हुबेहूब. शाळेतल्या शिक्षकांनी काही काळ त्याचं चित्रांचं सामान काढून घेतलं, म्हणजे ते त्याला मागावं लागेल. आणि त्याचा पहिला शब्द आला, ‘पेपर’.

गोष्ट खरी आहे. पण ती वाचून घरोघरी कागद कपाटात जातात, रंग माळ्यावर जातात, आणि मुलासमोर अट ठेवली जाते, ‘बोल, मग देते.’ कृपा करून असं करू नका. न बोलणारं मूल दिवसभरात जे सांगतं, त्यातलं बरंचसं त्या कागदावरच असतं. शिवाय अनेक मुलांना शब्द माहीत असतो, पण मागणी झाली की जीभ-ओठ साथ देत नाहीत. मग मूल किंचाळतं किंवा कागदाचा नादच सोडतं. दुसरं जास्त वाईट, कारण घरात शांतता होते आणि उपाय लागू पडला असं वाटतं.

कागद कायम हाताशी ठेवा, आणि मागायला दुसऱ्या गोष्टी निवडा: चकली, झोका, साबणाचे फुगे. या वस्तूंची मुलाने स्वतः काढलेली चित्रं असतील तर त्यांचीच कार्डं करा, म्हणजे मूल कार्ड हातात देऊन ती वस्तू मागेल. मूळ चित्र कापू नका, त्यावर काही मुलं दोन-दोन दिवस अस्वस्थ राहतात. फोटो काढून साधारण ५ सेंटिमीटर चौकोनात छापा, लॅमिनेट करा, मागे वेल्क्रो लावा. सुरुवात एकाच कार्डाने.

पहिले काही दिवस दोन मोठी माणसं लागतात. एक समोर वस्तू घेऊन बसतं. दुसरं मुलाच्या मागे, न बोलता. मुलाने वस्तूकडे हात नेला की मागच्याने तो हात कार्डाकडे वळवायचा, उचलायला आणि समोरच्याच्या हातात द्यायला मदत करायची. समोरच्याने लगेच ‘चकली!’ म्हणत तुकडा द्यायचा. लगेच म्हणजे त्याच क्षणी. तुकडा नखाएवढाच, म्हणजे बसल्या बैठकीत दहा-बारा वेळा मागता येतं. मागची मदत रोज थोडी कमी करत न्यायची.

बिघडतं कुठे? समोरचं माणूस ‘काय पाहिजे? काय पाहिजे?’ विचारत राहतं, आणि मूल विचारल्याशिवाय कार्ड देईनासं होतं. प्रश्न विचारू नका, हात पुढे करून थांबा. दुसरी चूक, मूल लिफ्टची चित्रं काढतं म्हणून लिफ्टचं कार्ड करणं. चित्र काढायला आवडणं वेगळं आणि ती वस्तू आत्ता हवी असणं वेगळं. आधी खरी वस्तू समोर धरून बघा. तिसरी, कार्ड फक्त आईलाच देता येणं. आजी, बाबा, शेजारच्या काकू, सगळ्यांकडे चाललं पाहिजे. पुढे कार्डं वाढली की चेन्नईत तयार झालेल्या ‘आवाज’सारख्या, चित्रावर बोट ठेवून बोलायच्या ॲपमध्येही हीच चित्रं टाकता येतात.

एक भीती नेहमी ऐकू येते, की कार्डांनी बोलणं थांबेल. अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं थोडं वाढलंच आहे. उलट बाजूची भीतीही असते, बोलणं आलं की चित्रकला जाईल. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची नादिया ही ऑटिझम असलेली मुलगी साडेतीन वर्षांची असताना थक्क करणारे घोडे काढायची आणि भाषा येत गेली तशी ती धार कमी झाली, हे खरंय. पण भाषेमुळेच कमी झाली असं त्यावरून म्हणता येत नाही. स्टीफन तर बोलायला लागल्यावरही काढतच राहिला. २००५ मध्ये हेलिकॉप्टरमधून एकदा टोकियो पाहून त्याने १० मीटर लांब कॅनव्हासवर ते शहर आठवणीतून उतरवलं.

आणि चित्र चालू असताना शिकवू नका. ‘आकाश निळं कर’, ‘माणसं कुठेयत?’ नको. शेजारी आपला कागद घेऊन बसा, त्याची बस आपणही काढा, ‘बस... दार... चाक’ एवढंच म्हणा, आणि गप्प राहा. मुलाने तुमच्या कागदाकडे पाहिलं, तुमचं चाक खोडून नीट काढून दिलं, तर ते तुमच्याशी बोललं. त्याला तिथेच उत्तर द्या: दुसरं चाक काढा आणि पेन्सिल त्याच्याकडे सरकवा.